म्हातारी हापूस कलमं परत धरायला लावायची तर: छाटणी आणि त्यानंतरची दोन वर्षं

दुपारी बाराच्या सुमाराला बागेत जा, कलमाखाली उभे राहा आणि जमिनीवर उन्हाचे कवडसे किती पडलेत ते बघा. आमच्या वरच्या बागेत सहा वर्षांपूर्वी एकही पडत नव्हता, नुसता गारवा आणि पातेरा, आणि आम्हाला त्याचं कौतुक, की बघा कशी दाट सावली आहे, मे महिन्यात पंख्याची गरज नाही. पण आंबा मात्र दरवर्षी कमी. तीस-पस्तीस वर्षांची कलमं, खोड दोन माणसांच्या मिठीत येत नाही एवढं, आणि उतरवायला गेलं तर एका कलमावर दोन डझनसुद्धा नाहीत, तेही पार शेंड्याला, जिथे झेला, म्हणजे आंबा काढायची जाळीवाली काठी, पोचत नाही. मग तो आंबा एकतर वटवाघळाचा नाहीतर खाली पडून फुटायचा.

सावली आणि आंबा एकाच ठिकाणी मिळत नाही हे आम्हाला कळायला फार उशीर झाला.

कारण साधं आहे. आंबा फांदीच्या टोकाला मोहोरतो, आणि ते टोक उन्हात असेल, पालवी जून झालेली असेल तरच मोहोरतो. कलमं एकमेकांना भिडली की खालच्या आणि आतल्या फांद्यांना ऊन मिळत नाही, त्या हळूहळू वाळतात, आणि झाड उजेडासाठी वर वर जातं. म्हणजे पूर्वी जे कलम जमिनीपासून शेंड्यापर्यंत चहूबाजूंनी धरायचं ते आता फक्त माथ्यावर धरतं, मांडव घातल्यासारखं. आत हवा खेळत नाही म्हणून तुडतुडा तिथेच ठाण मांडतो, करपा वाढतो, आणि तुम्ही एचटीपी, म्हणजे जास्त दाबाचा फवारणी पंप लावून कितीही गन मारली तरी औषध शेंड्यापर्यंत जात नाही, अर्धं तुमच्याच अंगावर येतं. फवारणीचा खर्च दुप्पट, आंबा निम्मा. ही रडकथा आमच्या एकट्याची नाही. १९९० साली रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली तेव्हा कोकणात कातळ फोडून फोडून कलमं लागली, बहुतेक १० बाय १० मीटरवर, म्हणजे एकराला ४० कलमं. लहान असताना ते अंतर मैदानासारखं वाटायचं, मध्ये क्रिकेट खेळता यायचं. आता त्याच बागा पस्तिशीच्या झाल्यात आणि बहुतेकांच्या फांद्या एकमेकींत घुसल्यात. आजोबा-पणजोबांच्या काळातल्या बागा तर त्याहून जुन्या.

तर आता छाटणी कशी करायची ते सांगतो. मी काही शास्त्रज्ञ नाही, दापोलीच्या विद्यापीठाच्या लोकांकडून ऐकलेलं, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रावर जाऊन बघितलेलं, आणि स्वतःच्या चुकांनी शिकलेलं असं सगळं मिळून आहे. चुकांचा वाटा मोठा आहे.

सगळ्यात आधी, कुठल्या कलमाला हात लावायचा नाही ते ठरवा. ज्या कलमाच्या बुंध्यावर मोठी पोकळी आहे, साल सुटलीये, भिरूड, म्हणजे खोड पोखरणारा किडा, लागून आतून भुसा पडतोय, ते कलम जोरात छाटलंत तर फुटेलच याची खात्री नाही, आधी त्या भिरुडाचा बंदोबस्त करा आणि वर्षभर थांबा. जे कलम अजून बऱ्यापैकी धरतंय, नुसती गर्दी झालीये, त्याला थोडक्यात मोकळं करा. आणि बागेत चार-दोन पायरी, केशर, रत्ना असं दुसरं काही असेल तर ते सगळं एकदम कापू नका, हापूसचं फळ नीट धरायला दुसऱ्या जातीचा पराग जवळ असलेला बरा. (रत्ना म्हणजे वेंगुर्ल्याचीच, नीलम आणि हापूसच्या संकरातून झालेली, १९८१ ची. आमच्या काकांना ती कधी आवडली नाही, पण दरवर्षी धरते हे मान्य करतात.)

दुसरं, कागदपत्र. १९६४ च्या झाडं तोडण्याबाबतच्या कायद्याच्या यादीत आंबा आहे, फणस, ऐन, किंजळ यांच्यासोबत. दाट बागेत एक आड एक कलम मुळापासून काढायचं असेल तर परवानगीशिवाय करवतीच्या मशीनला हात लावू नका. मोठी छाटणी करणार असाल तरी आधी एक अर्ज देऊन ठेवा, गावच्या तलाठ्याला आणि कृषी सहाय्यकाला सांगून ठेवा, लाकूड बाहेर न्यायचं असेल तर त्याचंही तेव्हाच विचारा. एवढ्या फांद्या तोडलेल्या बघून कोणीतरी फोन करतोच, आपल्याकडे शेजारी जागरूक असतात. आणि हो, जुन्या बागांच्या पुनरुज्जीवनाला फलोत्पादनाच्या योजनेतून अनुदान मिळतं, सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज असतो, पण तो छाटणीच्या आधी करायचा असतो. आम्ही छाटून झाल्यावर गेलो होतो. साहेब हसले.

वेळ कुठली

कोकणात मोठी छाटणी पाऊस संपल्यावरच, ऑक्टोबर ते नोव्हेंबर. जमिनीत ओल असते, झाडाला फुटायला जोर असतो, आणि जखमा सुकायला कोरडी हवा मिळते. काही जण आंबा उतरवून झाला की मे अखेरीस उरकून टाकतात कारण गडी तेव्हा हाताशी असतात. बारीक-सारीक छाटणी, वाळकी काठी, आत वळलेल्या काटक्या असल्या कामाला ते चालतं, पण मांडीएवढी फांदी मे अखेरीस कापलीत तर ८-१० दिवसांत पाऊस सुरू, कापलेल्या तोंडावर पाणी, बुरशी, आणि त्याच दिवसांत भिरुडाचे भुंगेरे बाहेर पडून अंडी घालायला जागा शोधत असतात. म्हणजे त्यांना आमंत्रणच.

ऑक्टोबरात मोठी छाटणी केली म्हणजे त्या कलमाचा तो हंगाम गेला, हे मनाशी पक्कं करूनच मशीन चालू करा. म्हणूनच सगळी बाग एकदम छाटायची नाही. हे मी ठळक अक्षरात लिहिलं असतं. बागेचे तीन किंवा चार भाग करा आणि दरवर्षी एक भाग घ्या, किंवा एक आड एक ओळ. आता सुरुवात कुठून करायची तर माझं मत दक्षिणेकडून. मोहोराच्या दिवसांत, म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारीत, सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेची उंच ओळ मागच्या ओळीवर सावली टाकते. ती आधी खाली आणली की तिच्या मागच्या, न छाटलेल्या ओळीलाही त्याच वर्षी जास्त ऊन मिळतं. आमच्याकडे दुसऱ्या ओळीने न छाटता जरा बरा आंबा दिला तो याच्यामुळेच असं मला वाटतं, बाकी काही वेगळं केलं नव्हतं.

किती छाटायचं

इथे तीन पायऱ्या धरा.

पहिली पायरी, मधली फांदी काढणं. कलमाच्या खाली उभं राहून वर बघा, मधोमध सरळसोट वर गेलेली एखाद-दुसरी जाड फांदी दिसेल, तीच सगळं छप्पर धरून असते. ती तिच्या बुडापासून काढली की झाड मधून उघडतं, उलट्या छत्रीसारखं, आणि ऊन थेट बुंध्यापर्यंत येतं. त्याच्यासोबत एकमेकींवर घासणाऱ्या, आत वळलेल्या, वाळलेल्या फांद्या आणि बांडगूळ. ज्या कलमाचं उत्पन्न निम्म्यावर आलंय पण बंद झालेलं नाही त्याला एवढं पुरतं. याच्यात पुढच्या हंगामाचं नुकसानही फार होत नाही.

दुसरी पायरी मध्यम छाटणी, म्हणजे मधली फांदी काढून वर उरलेल्या फांद्यांची उंची १५ ते १८ फुटांवर आणणं, पण खालच्या आडव्या फांद्यांवर जेवढा पाला आहे तेवढा ठेवायचा. मला विचाराल तर जुन्या कोकणी बागेला हीच बरी. झाडाकडे थोडी पानं राहतात, त्या पानांवर ते जगतं, मुळं उपाशी राहत नाहीत, आणि नवीन फूट जोमदार येते.

तिसरी म्हणजे सगळं मुंडण. १०-१२ फुटांवर चार-पाच ओंडके ठेवायचे, एक पान शिल्लक नाही. इंटरनेटवर याचेच व्हिडिओ जास्त दिसतात कारण दिसायला ते भारी दिसतं, आधी आणि नंतर. उत्तरेकडे हे बरंच केलं जातं. पण आपल्याकडे हे फक्त अशा कलमाला करा ज्याच्याकडून तसंही काही मिळत नाही, आणि ज्याच्याकडे पुढची दोन वर्षं तुम्ही आठवड्याला एकदा तरी बघणार आहात. मी पहिल्याच वर्षी उत्साहात ११ कलमांचं मुंडण केलं. आई दोन दिवस बागेकडे फिरकली नाही. त्यातली तीन मेली, कशाने ते पुढे सांगतो.

कोणते हात, म्हणजे मुख्य फांद्या, ठेवायचे? बुंध्यापासून चार दिशांना फाकलेले चार किंवा पाच, शक्यतो वेगवेगळ्या उंचीवरून निघालेले. दोन जाड फांद्या एकाच ठिकाणाहून अरुंद सांध्याने निघाल्या असतील तर एक काढा, तो सांधा पुढे वादळात फाटतोच. २०२० ला निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडकडच्या आणि रायगडातल्या बागा झोपवल्या, २०२१ च्या मेमध्ये तौक्ते आलं ते भर हंगामात, तेव्हा बघितलेलं आहे, उंच आणि वरून जड कलमं पहिली जातात. छाटायच्या फांद्यांवर आदल्या दिवशीच चुन्याचे पट्टे मारून ठेवा. झाडावर चढलेल्या माणसाला खालून "ती नको, ती शेजारची" असं ओरडून काही कळत नाही, मशीनच्या आवाजात तर नाहीच.

कापायची पद्धत

चेनसॉवाला भाड्याने मिळतो, पण त्याला जंगलतोडीची सवय असते, त्याला झाड जगवायचंय हे आधी समजावून सांगा. जाड फांदी एकदम वरून कापली की अर्धी तुटल्यावर ती स्वतःच्या वजनाने खाली येते आणि बुंध्याची दोन-तीन फूट साल सोलून घेऊन जाते. ती जखम भरत नाही. म्हणून आधी कापायच्या जागेपासून फूट-दीड फूट पुढे, खालच्या बाजूने एक तृतीयांश चीर द्यायची, मग त्याच्या जरा पुढे वरून कापायचं, फांदी खाली पडते, आणि उरलेला तुकडा मग निवांत योग्य जागी कापायचा. फांदी पूर्ण काढत असाल तर ती जिथून फुटते तिथे सालीची सुजल्यासारखी वळी असते, ती वळी ठेवून तिच्या लगत कापा. खुंटी ठेवली की ती वाळते, कुजते आणि आत भिरुडाला घर मिळतं. फांदी मधेच कापत असाल तर काप तिरका द्या, पाणी साचता कामा नये. कोयत्याने घाव घालून काम करू नका, तोंड फाटकं राहतं. माणसाला दोर बांधा, खाली कोणाला उभं राहू देऊ नका, आणि चढण्याआधी ओंबीलची, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्यांची, घरटी बघून घ्या, मशीन हातात असताना मुंग्या अंगावर आल्या तर चेष्टा नाही.

बांडगूळ काढताना नुसती त्याची पानं ओरबाडून काही होत नाही, त्याची मुळं आंब्याच्या फांदीत आत गेलेली असतात. जिथे चिकटलंय त्याच्या फूटभर खालून फांदीच कापायची, फळं धरायच्या आधी, नाहीतर पक्षी त्याच्या बिया चार कलमांवर नेऊन लावतात.

कापल्या दिवशीच, म्हणजे खरंच त्याच दिवशी, बोर्डो पेस्ट. १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चांगला कळीचा चुना, १० लिटर पाणी. मोरचूद अर्ध्या पाण्यात आदल्या रात्री फडक्यात बांधून टांगून ठेवा, चुना वेगळ्या भांड्यात निम्म्या पाण्यात विरवा आणि गाळून घ्या, मग दोन्ही एकत्र. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची, लोखंडी बादली घेऊ नका. झालेल्या पेस्टमध्ये घासलेला विळा किंवा खिळा थोडा वेळ बुडवून काढा, त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. तयार पेस्ट दुसऱ्या दिवशी वापरायची नाही, जेवढी लागेल तेवढीच करा. ब्रशने कापलेलं तोंड आणि त्याच्या खालची वीतभर साल रंगवून काढा.

आणि चुना. आजवर सावलीत राहिलेली जाड फांदी एकदम ऑक्टोबरच्या उन्हात उघडी पडते, तिची साल तडकते, विशेषतः दक्षिण-पश्चिमेची. सगळ्या उघड्या ओंडक्यांना पातळ चुन्याचा हात मारून घ्या. देवळाच्या पारासारखं दिसतं, लोक विचारतात, पण करा.

भिरूड

माझी तीन कलमं याने नेली. पेस्टचं सामान वेळेत आलं नव्हतं आणि मी म्हटलं की चार दिवसांनी लावू, ते चार दिवस पंधरा झाले, मग दिवाळी आली. पुढच्या पावसानंतर ओंडक्यांना भोकं, खाली लाकडाचा भुसा, फुटलेली पालवी अचानक मलूल, आणि मार्चपर्यंत कलम उभं वाळलं. कापून बघितलं तर आत बोटाएवढ्या पांढऱ्या अळ्या, बोगदे केलेले.

छाटलेलं झाड म्हणजे अशक्त झाड, आणि खोडकिडा अशक्त झाडच शोधतो. त्यामुळे पेस्टसोबत बुंध्यावर आणि ओंडक्यांवर शिफारस असलेलं कीटकनाशकही मारून घ्या, कुठलं आणि किती ते तुमच्या कृषी सहाय्यकाकडून चालू वर्षीच्या शिफारशीप्रमाणे लिहून घ्या. पण औषधापेक्षा मोठं काम नजरेचं आहे. जूनपासून दर आठवड्याला बुंध्याभोवती फिरायचं, खाली ताजा भुसा किंवा सालीतून चिकट पाणी दिसलं की भोक शोधायचं, सायकलच्या ताणीची किंवा दुसरी कडक तार आकडा करून आत घालायची, अळी ओढून काढायची किंवा आत चिरडायची, मग कीटकनाशकात भिजवलेला कापसाचा बोळा आत सारून वरून ओल्या मातीने लिंपून टाकायचं. आठवड्याने परत बघा. माती फोडून पुन्हा भुसा आला तर अळी जिवंत आहे, परत करा. पोरांना एका अळीमागे पाच रुपये लावले होते, त्यांची नजर आपल्यापेक्षा चांगली असते.

कापलेलं लाकूड बागेत ढीग करून ठेवू नका, त्यातच किडा वाढतो. जाड ओंडके विकून टाका, बारीक काटक्या आणि टाळ भाजावळीला (भाताचं रोप टाकायची जागा भाजायला) किंवा घरच्या चुलीला. पाला मात्र कलमाखालीच पसरा.

फूट आली की विरळणी

साधारण महिना-दीड महिन्यात ओंडक्यांवर कोंब दिसायला लागतात, तांबूस, गुच्छच्या गुच्छ, आणि माणूस खूश होतो. फोटो काढून ग्रुपवर टाकतो. खरी गडबड इथूनच सुरू होते, कारण एका ओंडक्यावर वीस-पंचवीस कोंब येतात आणि ते सगळे ठेवले तर तीन वर्षांत तुम्ही होता तिथेच परत याल, उलट आणखी दाट, झाडूसारखं. त्यामुळे कोंब हातभर झाले की विरळणी. एका ओंडक्यावर त्याच्या जाडीप्रमाणे पाच ते आठ ठेवा, बाहेरच्या बाजूला झुकलेले, एकमेकांपासून अंतरावर असलेले आणि सशक्त. आत येणारे, सरळ वर जाणारे, एकाच डोळ्यातून तीन-चार आलेले, हे काढून टाका. एकदम सगळं करायची गरज नाही, फेब्रुवारीत एकदा आणि पावसाच्या आधी एकदा, वाऱ्याने काही मोडतात म्हणून पहिल्यांदा दोन-चार जास्तीचे राहू द्या. काढायला हात धजावत नाही हे माहितीये, एवढं कापून झाल्यावर आलेली हिरवळ परत आपणच काढायची. आई म्हणाली, "आता तरी त्याला सुखाने राहू दे." तरी काढा.

बुंध्याकडे एक गोष्ट नीट बघा. जुनी कलमं बहुतेक भेट कलमं, म्हणजे गावठी रायवळ आंब्याच्या रोपाला हापूसची फांदी बांधून केलेली, त्यांचा कलम बांधलेला सांधा जमिनीपासून थोडा वर असतो, जुन्या झाडातही सालीच्या फरकावरून ओळखू येतो. त्या सांध्याच्या खालून आलेली फूट म्हणजे खालच्या रायवळाची, ती जोरात वाढते आणि वरच्या हापूसचं खाते. दिसली की काढा. एका ओळखीच्यांनी अशी फूट कौतुकाने वाढवली, आंबा आला तो बिटकी, अगदी लहान रायवळ.

कोवळ्या पालवीवर सगळे तुटून पडतात, तुडतुडे, शेंडे पोखरणारी अळी, मिजमाशी, करपा. न छाटलेल्या कलमाला एक पालवी खराब झाली तरी फरक पडत नाही, पण याच्याकडे तेवढीच पानं आहेत, त्यामुळे पालवी फुटल्यावर फवारणीत कंजूषी नको. दापोली विद्यापीठाचं मोहोर संरक्षणाचं वेळापत्रक असतं त्यातली पहिली फवारणी पालवीवरचीच आहे. वाळलेले शेंडे अळीसकट खुडून जाळून टाका. एक सुख म्हणजे आता झाड बुटकं आहे, पाठीवरच्या पंपानेसुद्धा भागतं.

खत-पाणी

पाणी ज्यांच्याकडे आहे त्यांनी पहिल्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी दीड-दोनशे लिटर कलमाला द्यावं. कातळावर जिथे टँकर परवडत नाही तिथे पाल्यापाचोळ्याचं जाड आच्छादन करा, बुंध्याला चिकटवू नका, वाळवी लागते.

खत जूनमध्ये, पाऊस लागता लागता. मोठ्या कलमाला विद्यापीठाची शिफारस दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद, १ किलो पालाश अशी आहे, म्हणजे साधारण सव्वातीन किलो युरिया, तीन किलोच्या वर सिंगल सुपर फॉस्फेट आणि २ किलो सल्फेट ऑफ पोटॅश, सोबत ५० किलो शेणखत. खत बुंध्याशी ओतायचं नाही, पूर्वीच्या घेराच्या साधारण मध्यावर गोल चर खणून त्यात. छाटल्यावर वर पसारा कमी दिसतो म्हणून लोक चर आत आणतात, पण मुळं कुठे छाटलीत? ती जिथे होती तिथेच आहेत.

कल्टार, म्हणजे मोहोर यावा म्हणून मुळाशी ओततात ते पॅक्लोब्युट्राझोल. यावर भांडणं होतात. मध्यम किंवा मुंडण छाटणी केलेल्या कलमाला निदान दोन-तीन वर्षं कल्टार घालायचं नाही, विषय संपला. कल्टार वाढ रोखतं, आणि आपल्याला याच वेळी वाढ हवी आहे. ज्या बागांत वर्षानुवर्षं दर पावसाळ्यात हिशोब न करता ओतलंय तिथे तर शेंडे आखडलेले, पानं गुच्छात, मोहोर मुठीसारखा असं दिसतं, अशी कलमं छाटल्यावरही उशिराच फुटतात, थांबायची तयारी ठेवा. नंतर पुन्हा सुरू करायचं झालंच तर माप नव्या घेराच्या व्यासावर, मीटरला ३ मिली, जुन्या वहीत लिहिलेलं माप नाही. बाग कराराने दिली असेल तर हे कराराच्या कागदावर लिहून घ्या. घेणारा दोन वर्षांसाठी आलेला असतो, त्याला तुमच्या तिसऱ्या वर्षाशी देणंघेणं नसतं.

मोहोर कधी?

फक्त मधली फांदी काढली असेल तर पुढच्याच हंगामात खालच्या फांद्यांवर मोहोर दिसतो, काही ठिकाणी तर जिथे दहा वर्षांत आला नव्हता तिथे. मध्यम छाटणीला दुसऱ्या वर्षी थोडा, तिसऱ्या वर्षी बरा. मुंडणाला तीन वर्षं धरून चाला. पहिल्या वर्षी कोवळ्या काठीवर चुकून मोहोर आला तर खुडून टाका, ती काठी अजून बोटाएवढी आहे, तिला आंब्याचं वजन पेलत नाही. दरम्यान मोकळ्या झालेल्या जागेत जिथे माती आहे तिथे पावसाळ्यात हळद, सुरण, नंतर ओलीवर कुळीथ, चवळी काढता येते. आम्ही कुळीथ केला, पैसे म्हणाल तर फार नाही, पण वर्षभराची पिठी घरची झाली.

आमच्या पहिल्या ओळीतल्या उरलेल्या आठ कलमांनी चौथ्या हंगामात आंबा दिला, संख्या पूर्वीच्या चांगल्या वर्षाइतकी नव्हती, पण फळ मोठं, डागाळलेलं कमी, आणि जवळजवळ सगळा आंबा जमिनीवर उभं राहून किंवा छोट्या शिडीवरून झेल्याने देठासकट काढला. पूर्वी शेंड्यावर चढायला माणूस मिळेना म्हणून थांबायला लागायचं, तोवर अर्धा पिकून गळायचा. माझ्या हिशोबाने छाटणीचा अर्धा फायदा तर या काढणीतच आहे.

यापुढे दरवर्षी आंबा उतरवून झाला की जूनच्या आधी हलका हात फिरवायचा, आत वळलेलं, वाळलेलं, वर पळणारं काढायचं, अंगठ्यापेक्षा जाड काही कापायची वेळच येऊ द्यायची नाही. वर्षाला एका कलमाला अर्धा तास. हे सोडलं तर आठ-दहा वर्षांत परत चेनसॉवाला.

आमच्या शेवटच्या ओळीची नऊ कलमं राहिलीत, दगडी गडग्याच्या कडेची. यंदा त्यांचा नंबर. मोरचूद आणि चुना या वेळी गणपतीतच आणून बागेतल्या मांगरात (शेतघरात) ठेवलाय, चेनसॉवाल्याला दसऱ्यानंतरचं सांगितलंय, पाऊस लांबला तर दिवाळी झाल्यावर. त्यातलं एक कलम आईने सांगून ठेवलंय की तोडायचं नाही, तिच्या खाली बसायच्या जागेवर सावली पडते. ते ठेवतोय.